डॉक्टरसाहेब, निदान विचारा तरी

प्रति,
बुलढाणा जिल्ह्यात घाटावर आणि घाटाखाली दवाखाना चालवणारे सर्व डॉक्टर,
एमबीबीएस, बीएएमएस, बीएचएमएस, सरकारी तसेच खासगी

सन्माननीय डॉक्टरसाहेब आणि डॉक्टर मॅडम,


चिखली तालुक्यात माझं औषधांचं दुकान आहे. तुम्ही लिहिलेली चिठ्ठी शेवटी माझ्यासारख्याच्या काउंटरवर येते. ती वाचता येणं हे आमचं शिक्षण, आणि तिच्याबद्दल तोंड न उघडणं हा आमचा शिष्टाचार. आज तो शिष्टाचार जरा बाजूला ठेवतो आहे. मी डिप्लोमावाला माणूस, तुमच्या खुर्चीवर बसायची माझी पात्रता नाही, हे आधीच कबूल करतो. तेव्हा ‘हा उंटावरचा शहाणा कोण’ असं मनात आलं तरी पत्र शेवटपर्यंत वाचा.

निमित्त सैलानी दर्ग्याच्या यात्रेचं. पिंपळगाव सराईला नारळांची होळी पेटते. अंगावरून उतरवलेले नारळ, लिंबं, बिबे, पेशंटचे कपडे तिच्यात पडतात. मराठवाड्यातून, खानदेशातून, मध्य प्रदेश-तेलंगणातून माणसं येतात, त्यांत हिंदू-मुसलमान असा भेद नसतो. दरवर्षी या सुमारास आपल्यापैकी कुणीतरी पेपरात लेख लिहितं किंवा व्याख्यान देतं, की लोक अजून मनोरुग्णाला दर्ग्यावर नेतात, हा समाज सुधारणार कधी? यंदाही ऐकलं. टाळ्याही पडल्या.

माझं म्हणणं एवढंच, की सैलानीला पोचलेला बहुतेक माणूस घरातून थेट तिथे गेलेला नसतो. आधी तो तुमच्याकडे येऊन गेलेला असतो, पुष्कळदा एकाहून जास्त डॉक्टरांकडे. त्याच्या चिठ्ठ्या मी पाहिलेल्या असतात. सैलानीचा रस्ता तुमच्या दवाखान्यावरून जातो. म्हणून हे पत्र मुजावरांना नाही, सरकारला नाही, तुम्हाला.

ती चिठ्ठी कशी असते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मल्टिव्हिटॅमिन, ॲसिडिटीची गोळी, कॅल्शियम, एक सलाईन, डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन, आणि खाली बारीक अक्षरात रात्री अर्धी अल्प्राझोलाम. ही शेवटची ओळ मला फार काही सांगते. म्हणजे झोप नाही हे पेशंटने सांगितलं होतं आणि तुम्ही ऐकलंही होतं. ‘झोप का नाही’ हा पुढचा प्रश्न मात्र राहून गेला.

आपल्याकडचा माणूस येऊन ‘मी उदास आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, डोकं जड पडते, हातापायातलं अवसान गेलं, छातीत धडधड होते, जेवणाला चव नाही. बाई म्हणते, कंबर धरली, अंगावरून पांढरं जाते, अशक्तपणा आला. तुम्ही हिमोग्लोबिन करता, थायरॉइड करता. ते करायलाच हवं, थायरॉइड कमी असला तरी माणूस असाच मरगळतो. पण रिपोर्ट नॉर्मल आला की ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून तुम्ही त्याला उठवता. रिपोर्ट नॉर्मल आला तिथून खरं तर तुमचं काम सुरू व्हायला हवं होतं.

दोन प्रश्न विचारा. गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन खिन्न, रितं वाटतंय का? आणि आधी ज्यात जीव रमायचा, शेत, भजन, नातवंडं, त्यात आता गमत नाही असं झालंय का? एकाचं जरी उत्तर ‘हो’ आलं तर पुढे झोप, भूक, थकवा, चित्त न लागणं, स्वतःला दोष देणं आणि मरणाचे विचार याबद्दल विचारा. नऊ प्रश्नांची ही पीएचक्यू-९ प्रश्नावली मराठीत आहे, फुकट आहे आणि पाच मिनिटांत होते. पेशंटला वाचता येत नसेल तर तुमची सिस्टर किंवा कंपाउंडर ती वाचून दाखवू शकतो.

हे पुण्या-मुंबईतच जमतं असं म्हणू नका. शेजारच्या अमरावती जिल्ह्यात ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातलेच कार्यकर्ते घरोघरी नैराश्याबद्दल बोलले, समुपदेशक बसले, गरज लागेल त्याला मानसोपचारतज्ज्ञ मिळाला. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त ते छापून आलं. माती तीच, कापूस-सोयाबीन तेच, कर्जही तेच. फरक एवढाच पडला, की कुणीतरी विचारलं.

आता माझी मुख्य तक्रार. तुमच्यापैकी जे मनापासून विचारतात, ज्यांना नैराश्य ओळखता येतं, त्यांच्याबद्दल ती आहे. तिसरा प्रश्न तुम्हीही विचारत नाही.

एक पोरगा आठवतो. विशीतला, दोन एकराचा धनी. महिनाभर खाटेवरून उठला नव्हता. त्याला नेलं ते डॉक्टर चांगले, सलाईनवाले नव्हेत. त्यांनी एस्सिटालोप्राम लिहिली, नैराश्यासाठी ती रास्तच गोळी. पण आईला कुणी विचारलं नाही, की हा पोरगा याच्या उलटाही कधी झाला होता का? विचारलं असतं तर तिने तिथल्या तिथे सांगितलं असतं. माझ्या काउंटरवर ती सहज बोलून गेली, “मांगच्या दिवाळीले तर लयच उधळला होता जी. रातभर झोपे ना, थके ना. साऱ्या गावाले जेवण देतो म्हने. ट्रॅक्टर बुक करून आला.” घरच्यांनी त्याला पोरवय म्हटलं, संगत म्हटलं. तो मेनिया होता. आणि ज्याला एकदा मेनिया होऊन गेला, त्याचं नैराश्य हे साधं नैराश्य नसतं, तो बायपोलर आजाराचा खालचा टप्पा असतो. अशा माणसाला मूड स्थिर ठेवणारं औषध न देता एकटी नैराश्याची गोळी दिली तर तो पुन्हा उसळू शकतो. हा उसळला. तीन आठवड्यांत खाटेवरचा पोरगा रस्त्यावर भाषण करू लागला, बापावर धावून गेला. घरच्यांना काय दिसलं? डॉक्टरच्या गोळीने पोरगं बिघडलं. भावकी म्हणाली, हे बाहेरचं आहे. जीप ठरली, सैलानी झालं, पायात साखळी पडली.

साखळी बांधणं २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंद केलं आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने-साखळीने बांधून मारहाण करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे, ज्या कायद्यासाठी दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. तामिळनाडूत एरवाडीला २००१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली तेव्हा साखळ्यांमुळे पळता न आल्याने २८ जण गेले, हेही आपण सगळे जाणतो. कायदा बापाला लागू होतो, मुजावराला होतो. तिसरा प्रश्न न विचारणाऱ्या चिठ्ठीला कुठलंच कलम लागत नाही. म्हणून ती गोष्ट पत्रात लिहावी लागते.

तो प्रश्न असा विचारा आणि पेशंटला एकट्याला नव्हे, आई, बायको, भाऊ यांच्यापैकी कुणाला तरी समोर बसवून विचारा. कधी चार-आठ दिवस असे गेले का, की झोप दोन-तीन तासांची आणि तरी थकवा नाही, बोलणं थांबत नाही, खर्चाला हात आवरत नाही, मोठमोठे बेत, चिडचिड, लोक म्हणाले ‘हा नेहमीचा नाही’? घरात कुणाला असा आजार होता का, कुणी जीव दिला होता का? पेशंट हे स्वतःहून सांगणार नाही, कारण ते दिवस त्याला आजाराचे वाटतच नाहीत. ते त्याला आयुष्यातले सर्वांत चांगले दिवस वाटतात. बायपोलर ओळखायला लोकांची वर्षंच्या वर्षं जातात ती यामुळे. उत्तर ‘हो’ आलं तर हात आखडता घ्या आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. पाठवताना चिठ्ठी लिहा. ‘अकोल्याला नेऊन पाहा’ एवढ्या तोंडी सांगण्यावर जामोद किंवा लोणारचा माणूस दिवसाची मजुरी बुडवून जात नाही, गेला तरी तिथल्या डॉक्टरला पहिल्यापासून सांगताना निम्मं विसरतो.

लिथियमबद्दल मला जरा जास्त बोलू द्या, कारण हा माझ्या फळीचा विषय आहे. १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी मेनियासाठी ते वापरलं, आणि पाऊणशे वर्षांनंतरही बायपोलरच्या उपचारात त्याचं स्थान पहिल्या रांगेत आहे. आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या औषधांत त्याची गणना होते. म्हणजे आपल्यासारख्या जिल्ह्यात त्याचं मोल किती असायला हवं! प्रत्यक्षात ही गोळी इतकी स्वस्त, की तिच्यात ना होलसेलरला रस ना आम्हाला, आणि तिच्यासाठी कुठलाही एमआर तुमच्या टेबलावर पेन ठेवायला येत नाही. नव्या नैराश्याच्या गोळ्यांसाठी मात्र येतो. कुणाची चिठ्ठी कोण लिहवून घेतो यावर मी अधिक बोलत नाही, आमचेही हात त्यात कोरडे नाहीत.

लिथियमला धाक हवा, हेही खरं. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्तातली पातळी बघावी लागते, साधारण ०.६ ते १.० च्या मध्ये राहिली तर बरी. सहा महिन्यांनी किडनी आणि थायरॉइड तपासावं लागतं. आता आपल्याकडचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. नांदुरा-मलकापूरकडचं ऊन, शेतात घाम, त्यात जुलाब, अंगातलं पाणी कमी, की लिथियम रक्तात साचायला लागतं. तो माणूस अंग दुखतंय म्हणून तुमच्याकडे येतो आणि तुम्ही डायक्लोफिनॅक टोचता. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या-इंजेक्शनांनी लिथियमची पातळी आणखी चढते. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्यांनीही चढते, टेल्मीसार्टन आणि हायड्रोक्लोरोथायझाइडची जोडगोळी तर आपल्याकडे घराघरांत आहे. मग हात थरथरतात, उलट्या होतात, चालताना झोक जातो, जीभ जड पडते. सगळे म्हणतात, ऊन लागलं. कंबरेसाठी सुई देण्याआधी ‘डोक्याची कुठली गोळी चालू आहे का’ एवढं विचारायला किती वेळ जातो? दुखण्यासाठी पॅरासिटामॉल चालते. आणि पाणी, मीठ नेहमीसारखं ठेवायचं, एकदम बंद करायचं नाही, हे पेशंटला कोण सांगणार? चिठ्ठी घेऊन तो आमच्याकडे येतो तेव्हा आम्ही सांगतो, पण आमचं सांगणं त्याला गोळ्या विकणाऱ्याचं बोलणं वाटतं.

त्यातच रब्बीत रात्रपाळीची वीज. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचं तर रात्र जागावी लागते. बायपोलरच्या माणसाला लागोपाठ झालेली जागरणं ही मेनियाची ठिणगी ठरू शकतात. ‘रातच्या पाण्याला भावाला पाठवा, हा झोपला पाहिजे’ असं तुम्ही म्हटलंत तर घरचे ऐकतील. तेच कुठल्या पुस्तकात लिहिलेलं असलं तर नाही ऐकणार.

सोडियम व्हॅल्प्रोएट नवीन सुनांना लिहिताना हात थांबू द्या. पोटातल्या बाळाच्या मेंदूवर, कण्यावर त्याचा घात होतो हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. मूल होण्याच्या वयातल्या बाईला ते देऊ नये असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते. तरी चिठ्ठ्या येतात, आणि ‘दिवस जायचे आहेत का’ हे विचारायची पाळी काउंटरवर, चार गिऱ्हाइकांसमोर, माझ्यावर येते.

अल्प्राझोलाम तर मी वेगळ्या रजिस्टरात नोंदवतो, शेड्यूल एच-वनचं औषध आहे ते. त्या रजिस्टरात तीच ती नावं महिनोन्‌महिने दिसतात. झोप लागते, आजार तसाच राहतो, आणि वर गोळीची सवय जडते. एकटी ती लिहू नका, लिहिलीत तर किती दिवसांची तेही लिहा.

दुसऱ्या टोकाला, योग्य गोळी दिलीत की तिचा हिशेबही सांगा. नैराश्याची गोळी लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, अस्वस्थ वाटतं. बरं वाटल्यावरही सहा-नऊ महिने चालू ठेवायची असते आणि बंद करताना हळूहळू करायची. हे न सांगितल्यामुळे लोक दहाव्या दिवशी ‘गरम पडली’ म्हणून उरलेली पट्टी परत घेऊन येतात. पट्टी मी परत घेत नाही, तुम्हाला मात्र एक पेशंट कायमचा गमवावा लागतो.

आणि मरणाबद्दल विचारा. सरळ विचारा, ‘जीव नकोसा होतो का, काही करून घ्यावं असं मनात येतं का?’ विचारल्याने मनात नसलेला विचार येत नाही, उलट आलेला असेल तर बोलायला वाट मिळते. ‘हो’ म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरात ठेवू नका, शेजारी कुलपात ठेवा, असं घरच्यांना बजावा. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चिठ्ठीवरच लिहून द्या, रात्री-बेरात्री लागतो, फुकट आहे. आपल्या जिल्ह्यात शेतकऱ्याने जीव दिला की पंचनामा सातबाऱ्याचा आणि कर्जाचा होतो, प्रकरण पात्र की अपात्र ते ठरतं. कर्ज खोटं नसतं, नापिकीही खोटी नसते. पण त्या माणसाची शेवटच्या महिन्यातली चिठ्ठी कुणी मागवून पाहत नाही. ती अनेकदा ॲसिडिटीची असते.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. बाहेर रांग असते. पेशंटच सलाईन मागतो, नाही दिलं तर समोरच्या डॉक्टरकडे जातो. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव काढलं की ‘मी काय पागल आहो का जी’ म्हणून उठतो. जवळचं शासकीय मनोरुग्णालय म्हणाल तर नागपूरला, इथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्र नव्हताच, पण ज्या १२ राज्यांत ते झालं तिथेही बायपोलरच्या सुमारे ७० टक्के रुग्णांना उपचार मिळत नव्हते, नैराश्य-चिंतेच्या आजारांत तर ८५ टक्क्यांना. तेव्हा दोष एकट्या तुमचा नाही. पण त्या सगळ्यांच्या सर्वांत जवळ तुम्ही आहात.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना वेगळं सांगायचं आहे, आणि ते स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतो. २०१७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमानुसार आवश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर प्रत्येक सरकारी रुग्णालयात सदैव फुकट मिळायला हवीत. तरी ‘बाहेरून घ्या’ असा शेरा मारलेल्या चिठ्ठ्या घेऊन लोक माझ्याकडे येतात. माझा धंदा होतो, पण दोन महिन्यांनी पैसे संपले की त्यांची गोळी सुटते, गोळी सुटली की आजार उलटतो. औषध नसेल तर तसं लेखी द्या, त्याची मागणी करा, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या लोकांना गाठा. २०२४ पासून बुलढाण्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या पोरांनी तरी लिथियमच्या पेशंटला डायक्लोफिनॅक टोचू नये.

शेवटी पुन्हा सैलानी. तिथे माणसं काय शोधायला जातात हे तुम्ही एकदा जाऊन बघा, यात्रेत नको, एखाद्या साध्या गुरुवारी. तिथे पेशंट ओरडला तर कुणी मान वळवून पाहत नाही. शेजारच्या झोपडीत तसाच एक पोरगा आणि तशीच एक आई असते. घाई नसते. माझ्या दुकानात नुसतं ‘डोक्याची गोळी द्या’ म्हणतानाही माणसं आवाज खाली घेतात. साखळी आणि मारहाण तिथून जायलाच हवी, पण ती आस्था कुणाच्या तोंडच्या टिंगलीने जाणार नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात ‘दवा आणि दुआ’ म्हणून उपक्रम चालवला गेला. दुआ करणाऱ्यांनीच पेशंटला दवेकडे पाठवायचं आणि डॉक्टरने दुआला नावं ठेवायची नाहीत. आपल्या चिखली तालुक्यात पळसखेड सपकाळला पालवे दांपत्याचं सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावर टाकलेल्या मनोरुग्णांना सांभाळतं. तेव्हा माणसं आहेत, जागाही आहे. आयएमए, निमा आणि होमिओपॅथीच्या संघटनांनी मिळून पिंपळगाव सराईला आठवड्यातून एक दिवस टेबल-खुर्ची टाकली तर व्याख्यानापेक्षा जास्त काम होईल. औषधांचा हिशेब ठेवायला मी येतो, तालुक्यातले आणखी दोन-चार केमिस्ट घेऊन येतो.

आणि एक लहानशी विनंती. लिथियमचा साठा मी आता कायम ठेवतो. चिठ्ठीवर आजाराचं नाव, गोळी किती महिने घ्यायची ते आणि तुमचा मोबाइल नंबर वाचता येईल असा लिहा. दोन औषधं एकमेकांच्या आड येताना दिसली तर मी फोन करणार आहे. त्या वेळी ‘लिहिलंय ते दे’ म्हणून फोन ठेवू नका.

कमी-जास्त लिहिलं गेलं असेल तर माफी असावी.

आपला नम्र,
एक औषधविक्रेता
तालुका चिखली, जिल्हा बुलढाणा